बाहुली पिते, बाळ रडतं

...आणि वर मलाच म्हणतात, चिडू नकोस, चिडलं की दूध आटतं! अहो, मग चिडवू नका ना! तुम्हाला सांगते, बाळंत झाल्यापासून जो तो माझ्या कॉटशी एकच वाक्य घेऊन उभा. "येतं आपोआप!" काय येतं आपोआप? शिंक येते आपोआप! इथे पिल्लू तोंड लावतंय, सुटतंय, किंचाळून लालबुंद होतंय, माझी छाती दगड झालीय, भेगा पडल्यात, दर वेळी डोळ्यांपुढे काजवे... आणि सासूबाई खुर्चीत आरामात, "आम्हाला कुणी शिकवलं होतं? येतं आपोआप." शेजारी माझी आई, सख्खी आई हो, मान डोलावतेय! एरवी या दोघींचं चहातल्या साखरेवरून जमत नाही, पण माझ्याविरुद्ध? लगेच युती!

बरं, नर्सला विचारावं, तर तिचं नावच आम्ही 'वादळ' ठेवलेलं. म्हटलं, "सिस्टर, जरा बघता का, नीट धरलंय का मी?" तर दारातूनच, न थांबता, "बाळाला घट्ट धरा, मन मोकळं ठेवा, येतं आपोआप!" गेली!

मग डॉक्टर आले. वजन घटलंय म्हणाले. "संध्याकाळपर्यंत नीट प्यायलं नाही, तर वरचं दूध सुरू करू." म्हणजे परीक्षा आहे, शिकवणारं कुणी नाही, आणि नापास झाले तर माझ्यातच खोट! नवरा बिचारा मोबाइलवर व्हिडिओ शोधत होता, तर त्याच्या आधी जाहिरात लागली. कशाची? दुधाच्या बाटलीची!

आणि आता रागाची खरी गोष्ट ऐका. माझ्या कॉटपासून चार पावलांवर एक खोली. दारावर ठसठशीत पाटी, 'स्तनपान मार्गदर्शन कक्ष'. दाराला कुलूप! मेट्रनबाईंना विचारलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ती ट्रेनिंगची खोली आहे. बाळंतिणींसाठी नाही." मग कुणासाठी, माळ्यासाठी?

दुपारी कुलूप निघालं. मी टाके सावरत, पिल्लाला उचलून, तडक आत. सासूबाई मागून, "अगं, कुठे निघालीस? लोक काय म्हणतील?" आत बघते तर काय... आरामखुर्ची! उशा! पडदे! समोर रांगेत नर्सा, पहिल्या खुर्चीत आमचं वादळ, आणि मधोमध स्तनपान शिकवणाऱ्या सल्लागारबाई, एका हातात लोकरीचा विणलेला स्तन, दुसऱ्या हातात टकली बाहुली. "बघा हं, पोटाला पोट. डोकं आणि पाठ एका रेषेत. आधी हनुवटी टेकवायची, तोंड मोठं उघडलं की मगच जवळ घ्यायचं..." आणि ती कापडाची टकली, तुम्हाला सांगते, त्या लोकरीला इतकी छान लागली होती! तिला मात्र कुणी म्हटलं नाही, येतं आपोआप!

मी म्हटलं, "बाई, तिला भूक नाहीये. याला आहे."

"अहो, तुम्ही कशा आलात? प्रात्यक्षिक चालू आहे!"

"मग याच्यावर करा!"

वादळ खुर्चीतून अर्धं उठलं. आणि पिल्लानं असा काही गळा काढला की सल्लागारबाईंच्या हातून बाहुलीच पडली. मला बसवलं त्यांनी. मी नुसतं डोकं वळवून धरत होते, त्यांनी अख्खं पिल्लू माझ्याकडे वळवलं, पाठीला हात दिला, हनुवटी टेकवली, थांबल्या... त्यानं जांभई दिल्यासारखा आ केला, आणि लागला! काजवे नाहीत, काही नाही. घोट! चक्क घोट ऐकू येत होते! मी ढसाढसा रडले. आनंदानं? छे हो, संतापानं! एवढंच होतं? एवढ्यासाठी हे पोर उपाशी ओरडत होतं, चार पावलांवर?

संध्याकाळी डॉक्टर "छान" म्हणाले आणि बाटली टळली. शेजारच्या कॉटवरच्या बाईचं बाळ रडत होतं, म्हणून मी तिला घेऊन त्या खोलीकडे निघाले, तर दाराला पुन्हा कुलूप. बाहुली आत. मग बसले तिच्याच कॉटवर आणि जसं आठवलं तसं दाखवलं.

परतले तर पिल्लाची पुन्हा वेळ झालेली. घेतलं, पोटाला पोट, हनुवटी आधी, झक्क लागला. सासूबाईंनी चष्मा सरसावून बघितलं, आईकडे बघून मान हलवली, आणि दोघी एका सुरात, "बघ! म्हटलं नव्हतं? आलं की नाही आपोआप?"

मी तोंड उघडलं... आणि मिटलं. काय करणार? चिडून हलले असते, तर त्याचं सुटलं असतं.