खुराड्यावरची पाटी

सिल्व्हर पार्कच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन जावा नंबराची वाट बघत बसल्या होत्या. थोरली काशीगावात राहणारी, धाकटी इथलीच.

"ताई, दारावर आलेल्या त्या माणसाने नक्की काय मागितलं?"

"कोंबड्यांच्या खुराड्यावरचा पत्रा. म्हणे, जुना द्या, बदल्यात नवा कोरा घालून देतो."

"मग द्यायचा ना!"

"अगं मानसी, सासऱ्यांच्या दुकानावरची चहाच्या जाहिरातीची पाटी ती. असल्या पाट्या हल्ली मोठे लोक हौसेने हॉलमध्ये लावतात. टीव्हीवर दाखवलं होतं."

"त्यालाही हौस असेल."

"असेल. पण पाटी उपडी घातली होती. अक्षरं सगळी आतल्या बाजूला. रस्त्यावरून नुसता गंज दिसायचा. मग त्याला कळलं कसं?"

"कोणीतरी बोललं असेल."

"ती बसवताना शिडीवर तुझा नवराच होता."

"यांच्यावर संशय घेताय?"

"शिडीवर कोण होतं, तेवढंच सांगितलं."

"बरं, राहू दे. पाटी आहे ना जागेवर?"

"काल काढून लपवली."

"कुठे?"

"लपवल्याचं मी कोणालाच बोलले नव्हते, मानसी. तरी आज सकाळी तुझ्या नवऱ्याने फोन करून हेच विचारलं."