आडीतलं ब्रॉडबँड

चेन्नईत घरी ब्रॉडबँड घ्यायचं असेल, तर आधी पंचांग बघा, प्लॅन नंतर. वेस्ट मांबलममधले माझे घरमालक कृष्णाजीराव मूळचे तंजावरकडचे मराठी. त्यांना विचारलं, "नेट कधी सुरू करू?"

"आडी चाललाय. तमिळ लोक या महिन्यात नवं काही सुरू करत नाहीत. आम्हीपण नाही."

मग काय, महिनाभर फोनच्या नेटवर ऑफिसच्या मीटिंगा रडतखडत केल्या. आडी संपला, त्याच्याबरोबर नेट कंपनीची खास आडीपुरती सवलतही संपली. दुसऱ्याच सकाळी रावांकडे नवं नेट सुरू झालं, तेही सवलतीत.

"हे कसं काय, राव?"

"पैसे आडीत भरले, सुरू आज केलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सुरू कधी करू, एवढंच विचारलंत. पैसे कधी भरू, हे कुठं विचारलंत?"