दहा खुणांचा कागद

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे संचालक. व्यासपीठावरच्या मुख्य सर्जन मॅडम. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते, आज निवृत्त होणारे आमचे सर. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू. आणि कामातून वेळ काढून आलेल्या सर्व सहकाऱ्यांनो, नमस्कार.

संगणक विभागाची प्रमुख म्हणून मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सोबत ताकीदही मिळाली आहे, की हलकंफुलकं बोला. सुरुवातीपुरती ती पाळते.

सरांना आम्ही मागून 'चार-चार सर' म्हणतो. सर, तुम्हाला हे माहीत आहे, हे आम्हालाही माहीत आहे. नाव का पडलं, ते इतरांसाठी सांगते. आपले सर्व्हर लिनक्सवर चालतात. त्यांच्यावर नवं सॉफ्टवेअर बसवायचं, तर ते इंटरनेटवरच्या एका कोठारातून घ्यावं लागतं. त्याला आम्ही रिपॉझिटरी म्हणतो. सर्व्हरला कोठाराचा पत्ता दिला, की तो हवं ते पॅकेज स्वतः घेऊन येतो. पण ते कोठार खऱ्या मालकाचंच आहे कशावरून? त्यासाठी एक किल्ली असते आणि तिची ओळख चाळीस अक्षरांची. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या पत्रातून ती अक्षरं कागदावर उतरवायची. एकानं कागदावरून चार-चार अक्षरं मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं पडद्यावर बघून 'आहे' म्हणायचं. दर वेळी एक खूण. दहा खुणा झाल्या, की खाली दोघांच्या सह्या, आणि मगच एंटर. काकू, घरी किराण्याची यादीसुद्धा अशीच वाचली जाते म्हणे! हसू नका, यातलं काही गमतीचं नाही, हे आत्ता कळेल.

नऊ वर्षांपूर्वी आपल्याकडे बासष्ट सर्व्हर होते आणि प्रत्येकावर हातानं काम करावं लागे. म्हणून ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर बसवायचं ठरलं. एका मुख्य सर्व्हरवर हुकूम लिहायचा आणि बाकीच्यांनी तो निमूट पाळायचा. मी तेव्हा नोकरीत सहा महिन्यांची, कायम व्हायची होते. त्या सकाळी कागद तयार झाला आणि शेजारच्या इमारतीतून सरांना तातडीचं बोलावणं आलं. जाता जाता त्यांनी सही करून ठेवली. म्हणाले, "मी आलो की वाचू. तोवर हात लावू नकोस."

अध्यक्ष महोदय, मी हात लावला.

सर यायच्या आत काम उरकून दाखवायची हौस होती मला. कोठाराचा पत्ता असलेलं कंपनीचं पत्र सरांच्या कपाटात, कपाटाला कुलूप. इंटरनेटवर शोधल्यावर जे पान सगळ्यात वर आलं, त्यावरून मी कोठाराचा पत्ता घेतला आणि किल्लीही तिथलीच. कागदावर मात्र एकटीनंच दहा खुणा केल्या. चाळीसांतलं एकही अक्षर ताडून पाहिलं नव्हतं. पॅकेज उतरलं, बसलं, बासष्ट सर्व्हरवर गेलं. मी खुशीत होते, सर.

ते कोठार कंपनीचं नव्हतं. कुणीतरी परस्पर बदल केलेलं ते पॅकेज होतं आणि त्यानं पहिल्याच फेरीत प्रत्येक सर्व्हरची बाहेरची दारं, म्हणजे नेटवर्कच्या वाटा, बंद केली. अकराला दहा कमी असताना पहिला फोन ऑपरेशन थिएटरमधून आला. सर्जन मॅडम, तुमचाच आवाज होता. "रक्तपेढीचा रिपोर्ट दिसत नाहीये. पेशंट टेबलावर आहे. मला आत्ता पाहिजे." प्रयोगशाळेतल्या ताई रिपोर्टचे कागद घेऊन तीन मजले सात वेळा धावल्या. लिफ्टची वाट बघायला वेळ नव्हता.

सर धापा टाकत आले. एकच प्रश्न विचारला, "वाचलंस?"

मी म्हणाले, "हो."

कीबोर्ड काखोटीला मारून सर्व्हरच्या खोलीत शिरले. लांबून हुकूम पोचत नव्हता, म्हणून एकेका सर्व्हरला तो स्वतः जोडून दार उघडत गेले. पहिलं थिएटरचं, मग रक्तपेढीचं. अडतीस मिनिटं लागली. पेशंट वाचली. ती बाई आजही तपासणीला येते आणि तिला यातलं काही माहीत नाही.

मग चौकशी झाली. कागदावर दहा खुणा, खाली सरांची सही. समितीनं विचारलं, वाचन कुणी केलं? सर म्हणाले, "सही माझी आहे." मी दोन खुर्च्या सोडून बसले होते आणि गप्प राहिले. सरांच्या सेवापुस्तकात 'कामात निष्काळजीपणा' असा शेरा पडला. त्यामुळे त्यांची बढती दोनदा हुकली. दुसऱ्या वेळी ती मला मिळाली. दुसऱ्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणू लागले.

चौकशी संपली त्या दिवशीसुद्धा सरांनी नवा कागद पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "हं, वाच." एवढंच. नऊ वर्षं आम्ही वाचतो आहोत. त्या सकाळचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही, कारण मला लाज वाटत होती आणि खुर्चीही हवी होती.

आज मी गप्पच बसले असते. पण मघाशी बाहेर काकूंनी माझा हात धरून विचारलं, "अगं, त्या वेळी यांच्याकडून नेमकं काय चुकलं होतं? घरी कधी बोललेच नाहीत."

काकू, त्यांच्याकडून काही चुकलं नव्हतं. सही त्यांची होती, खुणा माझ्या होत्या.

सर, हात हलवून मला थांबवू नका. एकदा तुम्ही थांब म्हणाला होतात, तेव्हाही मी ऐकलं नव्हतं. अध्यक्ष महोदय, हा माझा लेखी जबाब, मघाशीच बाहेर बसून लिहिलेला. तो शेरा सरांच्या नावावरून काढून माझ्या नावावर लिहावा, ही विनंती. खाली माझी सही आहे. दुसऱ्या सहीची जागा रिकामी ठेवली आहे. सर, तुम्ही आधी वाचा, मगच करा.

व्यासपीठाचे, सभागृहाचे आणि त्या दिवशी जिने चढलेल्या ताईंचे मनापासून आभार. वेळेचं आणि प्रसंगाचं भान सुटलं असेल, तर ते आपण सर्वांनी सांभाळून घ्यावं. नऊ वर्षांच्या गप्प बसण्याची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती काकूंकडे मागते.