गोळेकाकांचं शेवटचं वाक्य

अनुजा : तेच तर, आई. वही आहे एवढंच सांगितलं मी त्यांना. व्हाइटनरचं नाही सांगितलं.

आई : म्हणजे शनिवारी बजबजपर्यंत गेलीस आणि शहाऐंशी वर्षांच्या माणसाला अर्धंच सांगून आलीस.

अनुजा : सांगणार होते. पण मी म्हटलं, शिबनाथबाबू, तुमच्या चित्रकथेतल्या गोलोक सारेंगची सगळी पानं माझ्या वडिलांनी मासिकातून कापून वहीत चिकटवलीत, शेवटचंसुद्धा. त्यांनी माझा हातच धरला, सोडेनात. त्यांची सून म्हणाली, स्ट्रोक आल्यापासून या हातानं त्यांनी पेन्सिलसुद्धा धरलेली नाही. त्यानंतर कसं सांगायचं, की तुमची चित्रं तेवढी शिल्लक आहेत, शब्द माझ्या वडिलांनी पुसले?

आई : पुसले नाहीत. झाकले.

अनुजा : त्यांच्या दृष्टीनं एकच.

आई : ती मुलगी किती वाजता येणार?

अनुजा : चारला. न्यू टाउनहून निघाली म्हणाली. सिनेमावाल्यांच्या स्टुडिओत जुने कागद साफ करून त्यांचे फोटो घेते. वैदेही नाव. मराठीच आहे, पण आजोबांपासून इथे बंगालातलेच.

आई : आणि ती खरवडणार.

अनुजा : खरवडणार नाही, म्हणजे... हो, खरवडणारच. व्हाइटनर निघाला की खालचं बंगाली दिसेल. वरचं मराठी जाईल.

आई : यांचं अक्षर जाईल.

अनुजा : फक्त शेवटच्या पानावरचं. बाकीचे अंक सिनेमावाल्यांना मिळालेत कुठून कुठून. शेवटचा अंक निघाला आणि मासिक बंद पडलं. शिबनाथबाबूंची प्रत पाण्यात गेली. तो अंक कुणाकडेच नाही.

आई : पण सिनेमा तर तयार आहे ना? तू फोनवर दाखवलास तो तुकडा. तो बारीक पोरगा, गॉगल लावलेला.

अनुजा : तोच गोलोक.

आई : तो गोळेकाका? पोट कुठे गेलं त्याचं?

अनुजा : पोट चालत नाही म्हणे आता.

आई : अगं, बोट पोटानं चालवायचा तो. सुकाणूला पोट लावून उभा राहायचा आणि दोन्ही हात पान लावायला मोकळे. ते पोट काढलं तर उरलं काय?

अनुजा : शेवटही काढलाय. सिनेमात बोट आकाशात फुटते आणि गोलोकचा तारा होतो. शिबनाथबाबूंना ते कळल्यापासून जेवण जात नाही. त्यांना एवढंच आठवतं, की गोलोक माणसं घेऊन परत येतो आणि काहीतरी म्हणतो. काय म्हणतो ते आठवत नाही. दिग्दर्शकानं कबूल केलंय, मूळ पान आणून दाखवा, मी तोच शेवट घेतो. पण उद्या सकाळी शेवटचं रेकॉर्डिंग आहे. त्यानंतर काही बदलता येणार नाही.

आई : ते पान तुला पाठ आहे.

अनुजा : मराठीत. “उद्या शाळा आहे, झोपा आता.” हे शिबनाथबाबूंनी नक्की लिहिलेलं नाही.

आई : नाही, ते यांचंच. तुला झोपवायचं म्हणून. शाळेत तुझं बंगाली आणि इंग्रजी. मराठी पुस्तकाला हात लावायची नाहीस. एक दिवस हे गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून आले ते व्हाइटनरची बाटली घेऊन. म्हणाले, आता बघ कशी वाचत नाही ते. चित्रांमधल्या बोलण्याच्या फुग्यातलं बंगाली पांढरं केलं, वर मराठी लिहिलं, गोलोकचा गोळे केला. आठ दिवसांत मॅडम जोडाक्षरं वाचायला लागल्या.

अनुजा : मला किती दिवस खरंच वाटायचं की गोळेकाका पुण्याचे आहेत आणि बदली होऊन इथे आलेत. आपल्यासारखे.

आई : आणि टीव्हीवर बाहुल्यांचा कार्यक्रम आला तेव्हा काय रडलीस. हा गोळेकाका नाही, हा बंगाली बोलतो. मग हे आवाज बंद करून टीव्हीशेजारी स्टूल घेऊन बसले आणि अर्धा तास मराठीत बोलले. बाहुलीनं तोंड उघडलं की हे बोलणार. शेजारचे घोषकाका दारात उभे राहून बघत होते.

अनुजा : आई, चार वाजून गेले.

आई : येईल. वही काढलीस का कपाटातून?

अनुजा : काढली. उघडली नाही.

आई : हे गेल्यापासून तीन महिन्यांत एकदाही?

अनुजा : नाही. बेल वाजली, थांब.

वैदेही : नमस्कार काकू. नमस्कार अनुजाताई. उशीर झाला ना? लिफ्ट बंद आहे तुमची.

आई : ये, बस. चहा टाकते.

वैदेही : नको काकू, मी चहा खाऊन निघाले.

आई : चहा पितात गं.

वैदेही : हो, पितात. माझी आजी पण हेच ओरडायची. ताई, आधी सगळ्या पानांचे फोटो घेते. त्याच्याशिवाय मी काही हात लावत नाही.

अनुजा : घे. ही वही. किती वेळ लागेल?

वैदेही : बघितल्यावर सांगते. अरे बापरे, हे किती छान आहे. गोलोकला मिशी कोणी काढली?

आई : हिनं. सात वर्षांची असताना.

वैदेही : हे रेल्वेच्या जुन्या फॉर्मवर चिकटवलंय. म्हणजे मागून उजेड टाकून वाचता येणार नाही, फॉर्मवरचं छापलेलं मध्ये येणार. ब्लेडच घ्यावं लागेल. पण व्हाइटनर पिवळा पडून कडक झालाय, हे चांगलं. पापुद्र्यासारखा निघतो.

अनुजा : खालची शाई त्याच्याबरोबर निघाली तर?

वैदेही : भिंगातून बघत करते ना. एक अक्षर करायचं, थांबायचं. शेवटचं पान कुठलं, हे? हे थोडं कठीण आहे. इथे दोन थर आहेत. वरचा नवीन आहे.

अनुजा : नवीन कसा असेल?

वैदेही : बघा ना. बाकी सगळा पिवळा, हा एकदम पांढरा. बाटलीतला पण नाही, पेनचा आहे. अक्षर पण बाकीच्यापेक्षा वाकडं आहे.

अनुजा : काय लिहिलंय?

वैदेही : “अनू, मला तुझा अभिमान आहे.”

अनुजा : असं नाहीये तिथे. तिथे “उद्या शाळा आहे” आहे.

वैदेही : ते खाली असेल. तुम्हीच वाचा ना.

अनुजा : नको. पुन्हा वाच.

वैदेही : “अनू, मला तुझा अभिमान आहे.” ताई, तुमच्या दोघांत काही झालं होतं का? सॉरी, मी असं विचारायला नको.

अनुजा : का विचारलंस?

वैदेही : लिहिलंय ना, अभिमान. आपल्या माणसानं दुखावलं की आपण बोलत नाही, नुसती वाट बघतो त्यानं यावं म्हणून. आमच्याकडे आई म्हणते, बाबा अभिमान करून बसलेत, त्यांना कोणीतरी जेवायला बोलवा.

अनुजा : ते बंगालीत.

वैदेही : मराठीत वेगळं आहे?

अनुजा : मराठीत... तू काहीतरी चांगलं करतेस आणि मान माझी ताठ होते. त्याला म्हणतात.

वैदेही : ओह. मग तेच असेल ताई. मराठीतच तर लिहिलंय.

अनुजा : बाबा इथे पस्तीस वर्षं राहिले, वैदेही. भाजीवाल्याशी बंगालीत भांडायचे. त्यांना दोन्ही अर्थ येत होते. आई, तुला काय वाटतं?

आई : व्हाइटनरचं पेन मीच आणून दिलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून.

अनुजा : कधी?

आई : तू येत नव्हतीस तेव्हा.

वैदेही : मी बाहेर थांबू का?

आई : बस गं, यात लपवण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी बायपास सांगितली होती. हे नको म्हणून बसले. ही म्हणाली, ऑपरेशनला हो म्हणाल त्या दिवशी या घरात पाय ठेवीन, तोवर नाही. पाच आठवडे झाले. सहाव्या सोमवारी सकाळी दूध घ्यायला दारात गेले आणि तिथेच बसले.

अनुजा : मला वाटलं, मी अडून बसले की ऐकतील. लहानपणापासून ऐकायचे.

आई : मी तुला काही म्हटलंय का?

अनुजा : तू म्हणत नाहीस, तेच तर.

वैदेही : ताई, मी हे पान सोडते. स्टुडिओत सांगते, कागद खराब झालाय, होत नाही. जुन्या कागदाचं असं होतं, कोणी विचारणार नाही.

अनुजा : आणि शिबनाथबाबू?

वैदेही : त्यांना पण तेच सांगू.

आई : तू सांगशील का, अनू, त्यांच्यासमोर बसून?

अनुजा : सांगेन. ओल लागली म्हणेन. आई, माझ्याकडे त्या पाच आठवड्यांतलं दुसरं काहीच नाही. त्यांनी एक फोन केला नाही. मी फोन उशाशी घेऊन झोपायचे, नाही केला. हे एवढं एक वाक्य आहे आणि ते काय आहे हेसुद्धा मला कळत नाही. शाबासकी दिली, की रुसून गेले?

वैदेही : फोटो आहे ना माझ्याकडे. चांगला आलाय, मोठा करून देते.

अनुजा : फोटोतून ते कळणार आहे का मला? माझी सही मागितलीये तुमच्या लोकांनी, नंतर तक्रार करणार नाही म्हणून. साडेपाचपर्यंत पान पोचवायचंय. काय करू मी? तो माणूस बिचारा तिकडे खुर्चीत बसून असेल. सून म्हणाली, शनिवारपासून फोन वाजला की विचारतात, त्या मराठी मुलीचा आहे का.

आई : हे लिहून झाल्यावर त्यांनी मला दाखवलं होतं.

अनुजा : काय?

आई : वही माझ्यापुढे धरली. मी वाचलं. म्हटलं, अहो, हे एखाद्या बंगाल्यानं वाचलं तर भलतंच वाटेल त्याला. रुसून बसलाय म्हणेल.

अनुजा : मग?

आई : चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. म्हणाले, माहीत आहे मला. दोन्ही खरं आहे, म्हणूनच तो शब्द घेतला. तिला दोन्ही भाषा येतात.

अनुजा : तू हे आत्ता सांगतेस.

आई : वही उघडशील, मग येशील विचारायला, असं धरून चालले होते. तू उघडीचना. मी आपणहून सांगितलं असतं तर तू रुसल्याचं तेवढं ठेवून घेतलं असतंस. उरलेलं मी तुझी समजूत काढायला म्हणतेय असं म्हणाली असतीस.

अनुजा : म्हणाले असते.

आई : तेच म्हणतेय मी.

अनुजा : आणि फोन का नाही केला त्यांनी?

आई : तू का नाही केलास? बापलेक अगदी एका मातीचे. रोज संध्याकाळी चप्पल घालून गॅलरीत बसायचे. म्हणायचे, पाय गार पडतात म्हणून घातलीये. मला काय कळत नव्हतं?

वैदेही : काकू, पाणी देऊ ताईंना?

अनुजा : नको. वैदेही, ब्लेड घे.

वैदेही : नक्की ना? एकदा निघालं की परत लावता येत नाही.

अनुजा : घे. मी बघते तू करतेस ते. तोंड फिरवणार नाही.

आई : सरक जरा, मला पण बसू दे.

वैदेही : पहिलं “आहे” काढते, ते टोकाला आहे. निघालं. आता “अभिमान”. काकू, टेबल हलवू नका ना.

आई : मी नाही हलवत. हिनं हात टेकलाय.

अनुजा : काढला. कर तू.

वैदेही : “अनू” राहिलंय फक्त. झालं. आता खाली बाटलीचा थर. “शाळा” दिसतंय. हे पण?

अनुजा : हे पण.

वैदेही : हा भराभर निघतोय. बघा, बंगाली आलं. छापलेलं अगदी नीट आहे. “घाट एशे गेछे. आस्ते नामबेन, केउ ताडा कोरबेन ना.”

आई : मला नीट सांग, चष्मा नाही माझ्याजवळ.

वैदेही : “घाट आला. सावकाश उतरा, कुणी घाई करू नका.” एवढंच आहे, काकू. चित्रात तो घाटावर दोर टाकतोय आणि पोटाआडून एक मांजर बघतंय.

आई : आहे का पोट?

वैदेही : आहे ना. खूप मोठं.

आई : अनू, फोन लाव त्यांना. साडेपाचची वाट बघू नकोस.

अनुजा : (फोनवर, बंगालीतून) शिबनाथबाबू, मी अनुजा. हो, मराठी मुलगी. मिळालं तुमचं वाक्य. वाचते, ऐका. घाट आला, सावकाश उतरा, कुणी घाई करू नका. ...हो, परत वाचते. घाट आला, सावकाश उतरा, कुणी घाई करू नका. ...हो, उद्या तेच घेणार आहेत. ...शिबनाथबाबू, शनिवारी एक सांगायचं राहिलं होतं. तुमच्या शब्दांवर माझ्या वडिलांनी मराठीत लिहून ठेवलं होतं. ते काढावं लागलं. ...नाही, नाही, वाया नाही गेलं. माझ्यासाठीच होतं ते. मला पोचलं.