तिसऱ्या जागेवरचा नंबर

—बसा ना भारतदादा, उभे काहून? विमलताई संस्थेच्या कामानं कळंबले गेल्या, तोवर मीच सांगते. मी प्रेरणा, घर सोडून इथं आसऱ्याले आलेल्या बायांचं कम्प्युटरचं काम मीच पाहते. तुमच्या बहिणीचा, पुष्पाचा मेसेज तुमाले आला नाही म्हणून आले ना? कसा येईन — तो तिच्या नवऱ्याले गेला! माह्याच प्रोग्रामनं धाडला.

कसं झालं? पाहा — शीटमधून बाईची ओळ येते, नुसती ओळ, चार गोष्टी एकामागं एक — नाव, गाव, माहेरचा नंबर, नवऱ्याचा नंबर. त्या ओळीचं मी नेमड टपल करते, म्हणजे जागा पाहून नाव चिकटवते — तिसऱ्या जागेवर जे असन ते 'माहेर', चौथीवर 'नवरा'. मेसेज फक्त 'माहेर'ले. चांगलं चालून राह्यलं होतं. पण नंबर विचारला का आपल्याकडच्या बाया आधी नवऱ्याचाच सांगतात — मार खाऊन आलेली बाईसुद्धा! म्हणून ताईनं शीटमधला नवऱ्याचा रकाना पुढं, तिसऱ्या जागेवर घेतला. मले कोण सांगते? अन् प्रोग्रामच्या त्या पायथन भाषेले काय समजते, दादा — चार जागा, चार गोष्टी, झालं! एखादी कमी असती तं बोंबलला असता. दोन्ही मोबाईल नंबरच — चुकलं हे दिसन कुठून?

नाही नाही, मेसेजात ठिकाण नव्हतं, देवाची कृपा. 'पुष्पा सुखरूप आहे', अन् खाली या ऑफिसचा पत्ता, बस. ती इथं नाहीच ना — फुलसावंगीले आमच्या हंसाबाईकडे आहे, बसस्टँडच्या मागं, निळं दार. काल दोन घास जेवली म्हणे. तुम्ही भेटले का तिचाही जीव थाऱ्यावर येईन — फक्त हाताचं प्लास्टर पाहून रडू नका तिच्यापुढं.

काय दाखवून राह्यले? मोबाईल? हो, हाच तो मेसेज, हाच —

पण हा तं तुमाले आलाच नव्हता.

भारतदादाच ना तुम्ही? दारात मी नाव विचारलं तवा मान हलवली होती तुम्ही...

नाही, फुलसावंगीले कोणीच नाही. मी असंच बोलली, खोटं बोलली — अहो, उठून कुठं चालले? गाडी काहून चालू करून राह्यले? मी बोलून राह्यली ना तुमच्याशी! अहो!