कलिंगडाचा बर्फ

—छे गं, वाडगा धुऊन कशाला आणलास, तसाच द्यायचास! आत ये, दारात उभी राहू नकोस, जिन्यातल्या बायकांना तेवढंच पुरतं. बस. कालचा लिंबाचा केक उरलाय, कापू? नको? बरं. डोळे बघ केवढे सुजलेत. काल आमच्या पार्टीहून घरी गेल्यावर तुमचा आवाज चढला होता — कान लावून नव्हते हं मी, भिंतच पातळ, आणि मी ओटा पुसत होते, ओटा नेमका भिंतीला लागून — मग दार आपटलं, आणि भाऊजी बॅग घेऊन खाली उतरले. मी आपली खिडकीत कुंड्यांना पाणी घालत होते. भावाकडे गेलेत ना? वाटलंच.

तोंडाला वास आला म्हणून हाकललंस. चौदा महिने थेंबाला शिवले नव्हते, आणि काल परत — असंच म्हणालीस ना? ते लेकीची शपथ घेत होते, तर तू म्हणालीस, असल्या शपथा पुष्कळ ऐकल्यात. ऐकलं गं. भिंत पातळ आहे म्हटलं ना.

आता माझं ऐक. कलिंगडाचं सरबत मी दोन जगमध्ये केलं होतं. लाल झाकणाचं व्होडकावालं, पांढऱ्या झाकणाचं साधं — मुलांना आणि भाऊजींना. भाऊजी शेवटपर्यंत पांढऱ्याच जगशी होते, मी बघत होते. मी सगळंच बघते, तुला माहीत आहे. मग वास कुठून आला? तेच सांगतेय, थांब जरा.

आदल्या दिवशी मी व्होडकावालं थोडं करून बघितलं, चव जमते का म्हणून. उरलं. टाकवेना — एवढं गोड कलिंगड — म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये ओतलं. साधा बर्फ विरघळला की सरबत पाणचट होतं, सरबताचाच बर्फ घातला की शेवटच्या घोटापर्यंत चव टिकते. ही माझी युक्ती, आमच्या ह्यांना फार कौतुक. तो बर्फ लाल झाकणासाठीच होता. पण आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळी इमारत आलेली, उकाडा हा असा, साधा बर्फ तासाभरात संपला — आणि पांढऱ्या जगमध्ये मी त्या व्होडकावाल्या बर्फाचे दोन खडे टाकले. चार असतील. बरं बाई, अर्धा ट्रे! मुलं तेव्हा केकवर तुटून पडली होती, नशीब माझं. त्या जगमधलं मग एकटे भाऊजीच पीत होते.

अशी बघू नकोस. घाईत झालं. नंतर लक्षात आलं माझ्या. नंतर म्हणजे... लगेचच. कारण पहिल्याच घोटाला ते थबकले, माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, ताई, यात काही आहे का हो? विचारलं गं त्यांनी मला! आणि शेजारी चौथ्या मजल्यावरची उभी, आयुष्यात पहिल्यांदा माझी तारीफ करत होती, कुठे शिकलात म्हणून विचारत होती — तिच्यासमोर कसं सांगू, की चुकले? म्हटलं, काही नाही हो भाऊजी, पुदिना आहे, घ्या बिनधास्त. हसले बिचारे. दुसरा ग्लास मीच भरून दिला. तिसरासुद्धा.

रात्रभर ठरवत होते, सकाळी सांगू. सकाळी वाटलं, आपोआप मिटेल. दोन ग्लासांनी काय होतंय, म्हणून — हो, हो, तीन. कळतंय मला तीनचा अर्थ काय तो. तुझ्यापेक्षा जास्त नाही कळत, मान्य.

तू जा आता. जाऊन आण त्यांना. काहीतरी सांग — बर्फाची चूक झाली म्हण, कोणाची ते कशाला... फोन कोणाला लावतेस? अगं, त्यांना तूच सांग ना, मी कशी... माझ्या हातात काय देतेस, मला नाही जमायचं, माझं तोंड तरी — वाजतोय.

हॅलो? भाऊजी, मी शेजारची. ठेवू नका हो —