उलथण्याचा दांडा

तुळजापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलेल्या शरीफाबींचे कान मागच्या बाकावरच्या दोघींच्या बोलण्याकडे लागले होते.

"दीक्षा, भांडी धुवायची मशीन झाली का गं नीट?"

"कुठली! पाणी फवारणारा पंखाच फिरंना. ह्यांनी सुईनं एकेक भोक साफ केलं."

"मग भांडी?"

"हेच घासत्यात. मशीन आल्यापास्नं म्हणायचे, तुला आता काय काम उरलंय?"

"पण बिघडलंय काय?"

"काय न्हाय. भांडी लावताना मी उलथण्याचा दांडा खाली सोडते, पंखा त्याला अडतो. भांडी काढली की दांडाबी निघतो."

"अगं बया! सासूला कळलं तर?"

"त्यांनीच दाखवलं की."

शरीफाबी गर्रकन वळल्या.

"पोरी, आमच्यात बी कालच मशीन आलीया. दांडा नेमका कुठनं सोडायचा?"